वरची लिफ्ट आणि बाबूजींच्या बांध्या

माझे वडील तिरोडा तालुक्यात धानाची शेती करतात. बोदलकसा तलावाच्या नहरेवर आमच्या गावाच्या वाट्याचं एक गेट आहे. त्याची चावी बरीच वर्षं बाबूजींकडे आहे. अशा माणसाला आमच्याकडे पाणकर म्हणतात. कोणाला पाणी कधी द्यायचं हे गाव बसून ठरवतं, पाणकर फक्त गेट उघडतो. शिव्या मात्र त्यालाच पडतात.

धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलेल्या शेताच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो. आमच्याकडे पाणी एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उतरत जातं. वरच्याने धुरा फोडायला उशीर केला की शेवटचा कोरडा राहतो. आमच्या ओळीत पहिल्या बांध्या आमच्या आणि शेवटच्या माझ्या मामाच्या. एका खरिपात धान लोंबीवर आलं असताना मामाच्या बांधीत पाणी पोचलं नाही. तो रात्री चावी मागायला आला. पाळी दुसऱ्याची होती, म्हणून बाबूजींनी चावी दिली नाही. तेव्हापासून मामाने आमच्या घरचा चहा घेतलेला नाही. रस्त्यात भेटला तर माझ्या मायला राम राम करतो आणि पुढे जातो.

हे आधीच सांगितलं, कारण बाबूजी जपानात आले ते हे सगळं डोक्यात घेऊन.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझं शिक्षण कसं झालं ते सांगत बसत नाही. बाबूजींची सायकल, तिरोड्याचा बस स्टँड आणि पुढे गोंदियाचं कॉलेज, एवढ्यात ते येऊन जातं. २०१४ साली कंपनीने मला जपानला पाठवलं होतं. मार्चमध्ये धानामागून पेरलेली लाखोरीची डाळ घरात आल्यावर मी बाबूजींना तिकडे बोलावून घेतलं. चावी त्यांनी चुलतभावाकडे दिली. मायला यायचं नव्हतं. "दोन्ही गेलो तं ढोरं कोन पाहीन?" म्हणाली, आणि वास्त्यांच्या, म्हणजे बांबूच्या कोंबांच्या लोणच्याची बरणी बांधून दिली.

विमानतळावरून येताना गाडीच्या खिडकीतून बाबूजींना भातखाचरं दिसली. चौकोनी, एकसारखी, रिकामी.

"बाई, यायच्या बांध्याईले पानी कोठून येते?"

"माहीत नाही, बाबूजी."

"तू इंजिनेर हायेस ना?"

"कॉम्प्युटरची."

"पानी तं त्यायलेबी लागत असन," ते म्हणाले आणि परत खिडकीला डोकं टेकवून बसले.

मंदिरं, टॉवर, समुद्र, सगळं दाखवलं. ते कौतुकाने पाहत होते, पण प्रश्न तोच. मी कॉम्प्युटरवर उपग्रहाचं चित्र उघडून दिलं. त्यात सगळं हिरवंगार, पाणी कुठेच दिसेना. "हा नकाशा झाला," ते म्हणाले. शेवटी ऑफिसातल्या ओकादा-सान, म्हणजे ओकादाबाई, यांना विचारलं. त्यांचं माहेर निइगाता भागातलं, तांदळासाठी नावाजलेलं. त्या म्हणाल्या, आमच्या गावामागे बर्फावर घसरण्याचं एक छोटं मैदान आहे, तिथल्या वरच्या लिफ्टने टोकावर गेलं की सगळी खाचरं तळहातासारखी दिसतात. मी शुक्रवारची रजा काढली. मंगळवारी बाबूजींचं परतीचं विमान होतं.

शुक्रवार, डोंगराच्या पायथ्याशी

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिफ्ट म्हणजे काय ते सांगते. डोंगरावर ओळीने लोखंडी खांब रोवलेले असतात, त्यांच्यावरून जाड तार फिरत असते आणि तारेला खुर्च्या टांगलेल्या असतात. खुर्ची थांबत नाही. ती मागून येते, आपण बसायचं, वर पोचलं की उठायचं.

बाबूजी डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला जात असल्यामुळे त्यांना रोपवे नवा नव्हता. मलाही नव्हता, आणि तिथेच आमची चूक झाली. तिकीट घेतलं की बसायचं, वर जायचं, पाहायचं, खाली यायचं, असं आम्ही धरून चाललो. दिवसभराची दोन तिकिटं घेतली आणि रांगेत जाऊन उभे राहिलो. रांग तरी कसली, पुढे कोणीच नव्हतं.

लिफ्टजवळ साठीचे एक गृहस्थ हातात खराटा घेऊन उभे होते. छातीवरच्या पाटीवर नाव होतं सातो. त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं, टोपी काढून वाकले आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. पायी येणाऱ्यांना लिफ्ट नाही. पायाला घसरायच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधलेल्या असतील तरच बसता येतं, कारण वरून माणसाने घसरत खाली यायचं असतं. लिफ्टने कोणाला खाली आणत नाहीत.

डोंगरगडला रोपवे ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी असतो. इथे लिफ्ट ज्याला उतरता येतं त्याच्यासाठी होती. हा फरक मला तिकीट घेण्याआधी सुचायला हवा होता.

मग तिकीट दिलं कशाला, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. खिडकीतली मुलगी धावत आली. तिने आमचे पाय पाहिले नव्हते. ती वाकली, बाबूजी वाकले, ती पुन्हा वाकली, म्हणून बाबूजीही पुन्हा. पैसे परत मिळाले. त्याच वेळी कळलं की ही खालची लिफ्ट अर्ध्यापर्यंतच जाते. टोकाला नेणारी वरची लिफ्ट हंगाम संपत आल्यामुळे फक्त शनिवार-रविवारी चालते. शेजारी दुसऱ्या मालकाचं मैदान होतं, मध्ये नुसती एक दोरी. त्यांची लिफ्ट टोकाजवळ जात होती. तिकडे गेलो तर वाऱ्यामुळे बंद, आणि चालू असती तरी तिकीट वेगळं आणि नियम हाच. एका डोंगराच्या दोन बाजू, आणि ह्या बाजूचं तिकीट त्या बाजूला चालत नाही.

मी पुन्हा सातो-सान यांच्याकडे आले. आपल्याकडे करतात तसं सुरू केलं. वडील फार लांबून आलेत, शेतकरी आहेत, पुन्हा येणं होणार नाही, अर्ध्यापर्यंत तरी जाऊ द्या, मी जबाबदारी घेते. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाले, "ते जरा..." जपानात वाक्य इथे संपतं. ह्याचा अर्थ, 'नाही'.

मी अजून बोलणार होते, तेवढ्यात बाबूजींनी माझी बाही धरली.

"चाल बाई. कायले मागं लागून राहिलीस? त्याच्या हाती चावी हाये, मालकी नाइ."

"पण सगळ्या खुर्च्या रिकाम्या चालल्यात, बाबूजी."

"चालू दे."

खरोखर रिकाम्या चालल्या होत्या. बर्फ भुरभुरत होता. खुर्ची आली की सातो-सान खराट्याने तिच्यावरचा बर्फ झाडायचे आणि ती कोणालाही न घेता वर जायची. मग पुढची. माझा जीव तळमळत होता. बाबूजी मात्र बराच वेळ पाहत उभे होते.

"कोनी बसून नाइ राहिलं, तरी झाडून राहिला," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

तिथल्या खाणावळीत रश्शात गाईचं मांस होतं, म्हणून आम्ही नुसता भात, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार आणि मायचं लोणचं घेतलं. बाबूजींनी पहिला घास बराच वेळ चावला. आमच्याकडे पाहुण्याला चिन्नोर तांदूळ शिजवतात, दाणा दाण्याला लागत नाही. "गिच्च हाये," त्यांनी निकाल दिला. थोड्या वेळाने म्हणाले, "पन कनी नाइ. एकबी दाना तुटला नाइ." आणि आणखी भात मागितला.

दुपारी त्यांना धीर निघेना. लिफ्ट नसली तर नसली, म्हणत ते पायथ्याच्या खाचरांत उतरले. बर्फ गुडघ्यापर्यंत. जमिनीवरून फक्त पुढची बांधी दिसत होती, तीही पांढऱ्या चादरीखाली. दोन-चार पावलं गेले आणि त्यांचा एक पाय एकदम खाली गेला. बर्फाखाली नाली होती.

"बाबूजी, लागलं का?"

"नाइ. पानी भेटलं," ते म्हणाले. पाय ओढून काढला तर बूट नालीतच राहिला होता. तो काढताना मीही भिजले. ह्या एका नालीने त्यांचा प्रश्न आणखी पक्का झाला. बांधीच्या बाजूला नाली आहे, मग ती येते कुठून, जाते कुठे? ते वरूनच दिसणार होतं.

शनिवार, भाड्याच्या बुटांचं दुकान

बाबूजींनी रात्रीच ठरवून टाकलं होतं. पट्ट्या लागतात तर बांधू. "बर्फ म्हंजे का, चिखलच," त्यांचं म्हणणं.

घसरायचे बूट प्लास्टिकचे, दगडासारखे टणक, कड्या लावून घट्ट करायचे. दुकानदाराने एक जोड आणला, मग दुसरा, मग आतून सगळ्यात मोठा. बाबूजींचा पाय लांबीला बसत होता, रुंदीला नाही. आयुष्यभर धान रोवण्याच्या चिखलात अनवाणी उभं राहिलेला पाय, बोटं पंख्यासारखी पसरलेली. दुकानदाराने गुडघे टेकून कडी ओढली, कडी लागेना. त्याने त्या पायाकडे पाहिलं, मग आदबीने बूट बाजूला ठेवला.

"यायच्या जोड्यात माहा पाय मावत नाइ," बाबूजी म्हणाले. ते हसत होते, पण ते मनातून खट्टू झाले आहेत हे मला कळलं. मोजे चढवता चढवता म्हणाले, "तुहा मावतो?"

"बाबूजी, मी कधी केलं नाही असलं काही."

"गोंदियाले गेली तवा कॉलेजबी कधी केलं नवतं."

माझा पाय मावला.

तो दिवस मी कधी विसरणार नाही, आणि आठवू म्हटलं तर सगळं पडणंच आठवतं. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. गुडघे वाकवा, टाचा बाहेर, समोर पाहा, एवढंच पुन्हापुन्हा सांगायच्या. मी बाबूजींकडे पाहायचे आणि पडायचे. खालच्या लिफ्टवर पहिल्यांदा बसले तेव्हा वर पोचून उठता आलं नाही, खुर्चीने पाठीत धक्का दिला आणि मी तिच्यापुढे आडवी. लिफ्ट थांबली. मागच्या सगळ्या खुर्च्यांवरची माणसं हवेत लोंबकळत राहिली. कोणी ओरडलं नाही, ह्याचीच मला जास्त लाज वाटली. वरच्या माणसाने मला उठवलं, खुर्च्यांवर अडकलेल्यांकडे वळून नमस्कार केला आणि लिफ्ट पुन्हा सुरू केली. दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्या खेपेला खाली सातो-सान यांनी मला पाहून आपणहून लिफ्ट हळू केली.

दिवसभर बाबूजी खाली पिवळ्या दोरीच्या बाहेर उभे होते. दोरीच्या आत लिफ्टवाल्यांचं लहानसं खोपटं, त्यात शेगडी. माझी आशा होती की कोणी त्यांना आत बोलावेल. कोणी बोलावलं नाही, नियम असणार. पण दर थोड्या वेळाने सातो-सान कागदी पेल्यात चहा घेऊन दोरीपर्यंत यायचे आणि दोरीवरून हात पुढे करायचे.

दुपारपर्यंत मला पडल्याशिवाय वळता येऊ लागलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, टोकावरून उन्हाळ्यातला जंगलरस्ता आहे, लांब पण सौम्य उताराचा, त्याने हळूहळू याल. आम्ही वरच्या लिफ्टपाशी गेलो तर साखळी लावलेली. वारा सुटला होता. थोडं थांबलो, मग पाटी आली, आज बंद.

बाबूजी म्हणाले, "उद्या तं इतवार हाये ना?"

रविवार, वर

रविवारी सकाळी धुकं. वरच्या लिफ्टवर पाटी होती, तयारी सुरू आहे. दुपार होत आली तरी तयारी सुरूच. संध्याकाळच्या बसने आम्हाला परतायचं होतं. मी दोनदा विचारलं, दोनदा उत्तर आलं की अजून थोडं थांबा. खाली बाबूजी उभे आहेत, मंगळवारी विमान आहे, आणि हे लोक एक साखळी सोडत नाहीत. मी मनातल्या मनात झाडीबोलीत पुष्कळ बोलले.

मग धुकं फाटलं आणि साखळी निघाली.

वरची लिफ्ट जुनी, एका माणसाची. पुढे आडवा दांडा नाही, नुसती बसायची फळी आणि बाजूला एक लोखंडी गज. मी गजाला मिठी मारून बसले. पायांखाली झाडांचे शेंडे. काही वेळाने भीती जरा कमी झाली आणि मागे वळून पाहायची हिंमत आली, पण पाहिलं नाही. वर पोचून, नीट उभी राहून मगच वळले.

काय सांगू. सगळं मैदान पसरलेलं. दूर डोंगरांची रांग, मध्ये नदी, घरांची छपरं, आणि खाचरंच खाचरं, नजर जाईल तिथपर्यंत. फोटो काढायला फोन काढला तर थंडीने तो बंद पडला. बराच वेळ हातात धरून चोळला, चालू झाला नाही. मग नुसतं डोळे भरून पाहिलं आणि जंगलरस्त्याने पडत, उठत, एका वळणावर सरळ बसून घसरत खाली आले.

बाबूजी दोरीपर्यंत पुढे आले होते.

"दिसलं?"

"दिसलं बाबूजी. फोन बंद पडला, पण इतकं सुंदर..."

"सुंदर तं मलेबी इथून दिसून राहिलं. पानी कोन्या अंगानं येते?"

मी काठीवरचा बर्फ झाडू लागले.

"नाली बांधीतून जाते का बाजूनं जाते? शेवटची बांधी कोरडी हाये का?"

मी पाहिलंच नव्हतं. मी पाहुणी म्हणून पाहून आले होते.

बाबूजी रागावले नाहीत. त्यांनी माझ्या कपाळावरचा बर्फ पुसला. "मामाच्या अंगानं पाहून ये," एवढंच म्हणाले.

वरची लिफ्ट खालच्यापेक्षा आधी बंद होते, हे तोवर मला पाठ झालं होतं. खालच्या लिफ्टने अर्ध्यावर पोचले तेव्हा वरच्या लिफ्टपाशी एकही माणूस नव्हता. तिथला माणूस साखळी हातात घेऊन घड्याळाकडे पाहत होता. दुसऱ्या कोणी एकटीसाठी यंत्र चालवलं नसतं. पण वेळ संपली नव्हती. त्याने साखळी खाली ठेवली, पुढची खुर्ची खराट्याने झाडली आणि वाकला. ज्या नियमाने तीन दिवस छळलं, त्याच नियमाने मी वर निघाले. माझ्या पुढे आणि मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

ह्या वेळी मी मामाच्या बांधीपासून सुरुवात केली. नदीकाठची अगदी शेवटची खाचरं पाहिली. मार्च असल्यामुळे बर्फ विरघळून खाली बसला होता, धुरे सुरकुत्यांसारखे वर आले होते, आणि ह्या दोन दिवसांत वाहत्या पाण्यावरचा बर्फ वितळून नाल्या काळ्या दोऱ्यांसारख्या दिसत होत्या. शेवटच्या बांधीपासून दोरा धरून मी नजर मागे आणत गेले. दोरा एकाही बांधीतून जात नव्हता. दोन ओळींच्या मधून, धुऱ्याला धरून, सरळ डोंगराच्या कुशीपर्यंत येत होता. तिथे एक मोठी नहर आडवी होती. प्रत्येक बांधीची एक बाजू नालीला लागलेली. मी दोनदा तपासलं, मग घोकत घोकत उतरले. ह्या खेपेला कमी पडले.

खाली आल्यावर बोलून सांगता येईना, म्हणून घसरायच्या काठीने दोरीजवळच्या बर्फावर काढून दाखवलं. हा डोंगर, ही नहर, ह्या बांध्या, ही मधली नाली. सातो-सान खराटा घेऊन आले आणि दोरीच्या आतून वाकून पाहू लागले. काय चाललंय ते त्यांना विचारायचं असावं, पण विचारलं नाही.

बाबूजी उकिडवे बसले. बोटाने नालीवरून शेवटच्या बांधीपर्यंत गेले, परत आले.

"म्हंजे वरच्यानं धुरा नाइ फोडला तरी शेवटच्याले जाते."

"हो."

"कोनाच्या बांधीतून नाइ जात."

"नाही."

"तं मंग यायची नाली कोनाच्या जागेतून गेली? कोनी तं जागा देल्ली असन."

ह्याचं उत्तर वरून दिसत नव्हतं. ते बराच वेळ तिथेच बसून राहिले. लिफ्ट बंद झाली, खुर्च्या जागच्या जागी थांबल्या. निघताना बाबूजींनी सातो-सान यांना दोन्ही हात जोडले. सातो-सान वाकले. मी भाषांतर करायला पुढे झाले, पण दोघांनाही काही सांगायचं नव्हतं.

घरी

त्या वर्षी दिवाळीनंतर धान कापून झालं तेव्हा मी सुट्टीवर गावी आले होते. बाबूजी सकाळीच फावडं घेऊन गेलेले. जेवणाचा डबा घेऊन मी शेतावर गेले. आमच्या पहिल्या बांधीच्या कडेने दोरी बांधून त्यांनी खणायला घेतलं होतं. धुऱ्याला लागून, आमच्या जागेतून, थेट खालच्या बांध्यांकडे. चांगल्या जमिनीची पट्टी जात होती. माय म्हणाली होती, "जपानात जाऊन येक नाली आनली." पण डब्यात तिने भाकरी जास्त घातल्या होत्या.

खालच्या धुऱ्यावर मामा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आपणहून बोलला.

"भाऊजी, काऊन खंदून राहिले?"

"नाली."

"आपल्या बांधीतून?"

"मंग कोनाच्या?"

मामाने बांधलेल्या दोरीवरून खालपर्यंत नजर नेली. मग म्हणाला, "जपानात पाहिली म्हनतेत."

"मी नाइ पाहिली," बाबूजींनी फावडं न थांबवता सांगितलं. "तुही भाची वर गेलती. मी दोरीच्या भाईर उभा होतो."

मामाने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग धुऱ्यावरून उतरला, टोपली उचलली आणि बाबूजींनी खणलेली माती भरू लागला.